सहावा रंग

पेंटरबाई म्हणून तिला अख्खा बाजार ओळखायचा. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, शाळेच्या भिंतींवरचे हत्ती-घोडे, सगळं तिच्या हातचं. पण पाट्यांवरची अक्षरं मात्र तिची नसत. ती नवऱ्याची. चित्र तिनं काढायचं आणि अक्षरं त्यानं, ही वाटणी लग्नाच्या आधीपासूनची. तिच्या वडिलांच्या पेंटिंगच्या दुकानात तो कामाला लागला तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि मागच्या खोलीत बसून रंग कालवायची. पहिल्याच आठवड्यात त्यानं पट्टी न लावता सहा हात लांब सरळ रेघ मारली, आणि वडिलांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "हा राहू दे," एवढंच म्हणाले. राहिला तो राहिलाच, पुढे जावई झाला. लोक त्याला मास्तर म्हणू लागले. अक्षरांत त्याचा हात धरणारं त्या बाजारात कोणी नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तो हातच हलायला लागला. आधी वेलांट्या हलल्या. मास्तर म्हणाले, ब्रश खराब आहे. नवा ब्रश आणला. मग म्हणाले, शिडी डुगडुगते. पेंटरबाई शिडी धरून उभी राहिली, तरी वेलांटी हललीच. शेवटची पाटी एका औषधाच्या दुकानाची. दुकानदार छान म्हणाला. दोन दिवसांनी दोघं तिथून जात होती, तर त्या पाटीवर छापील फ्लेक्स ठोकलेला. दोघांनीही तो पाहिला आणि पाहिलाच नाही अशा थाटात दोघंही भाजीच्या भावाबद्दल बोलत पुढे गेली.

डॉक्टर म्हणाले, कंप आहे, जिवाला धोका नाही, गोळ्या घ्या, पण पुरता जाणार नाही. मास्तरांनी गोळ्या घेतल्या आणि खिडकीशी बसले. बोलणं कमी झालं. नंतर चहा हवा की नको एवढंच राहिलं. अक्षरं आता पेंटरबाई काढायची. तिची अक्षरं म्हणजे समारंभाला आलेले पाहुणे. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. तिलाही ते कळायचं. मास्तर बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत, हे तिला जास्त लागायचं. पूर्वी एक काना वाकडा गेला तर घर डोक्यावर घेणारा माणूस!

अशात तिला मत्स्यालयाचं काम आलं.

मत्स्यालयाचा मॅनेजर चाळिशीचा, सडपातळ, खिशात कायम घडी घातलेली यादी बाळगणारा माणूस होता. त्यानं एक नवं दालन काढलं होतं, एकाच माशाचं. सकर मासा म्हणतात तो, काचेला तोंडानं चिकटून राहणारा मिशाळ मासा. लोक तो बोटाएवढा असताना घरी नेतात आणि तो हातभर झाला की काय करावं ते न कळून मत्स्यालयात आणून सोडतात. असे पुष्कळ जमले होते. त्यातले वेगवेगळ्या रंगांचे निवडून दालन सजवायचं होतं.

"एकच जात, सहा रंग," मॅनेजर म्हणाला. "सहा पॅनेल. प्रत्येकावर एक मासा, असा की समोरच्या टाकीतला कोणता ते माणसाला चटकन ओळखता यावं. अक्षरं आम्ही छापून लावू."

"मग फोटो का नाही लावत?" पेंटरबाईनं विचारलं. काम हातचं गेलं तरी चालेल, पण मनातलं विचारल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

"लावून पाहिले. काचेतून सगळे हिरवट येतात. शेवाळ्यात बुडवल्यासारखे."

त्यानं यादी तिच्या हातात दिली. ठिपक्यांचा तपकिरी. चॉकलेटी. काबरा. सोनेरी. पांढरा. राखाडी. महिन्याभरात उद्घाटन होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना ती मास्तरांना म्हणाली, "रंगांची पेटी जड आहे, चला जरा धरायला."

"मी काय हमाल आहे?" मास्तर म्हणाले. पण बूट घातले.

दालनात पाण्याचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. टाक्यांच्या मागे एक अरुंद बोळ, तिथे पंप घरघरायचे, आणि त्या बोळातून एक पन्नाशीचा बुटका गृहस्थ सारखा ये-जा करायचा. टाक्यांची देखभाल त्याच्याकडे. हवा नीट सुटते की नाही हे तो प्रत्येक टाकीपुढे वाकून पाहायचा, म्हणून सगळे त्याला बुडबुडे म्हणत. त्यालाही ते नाव इतकं अंगवळणी पडलं होतं की खऱ्या नावानं हाक मारली तर तो ओ देत नसे.

मासे पाहून पेंटरबाई चरकलीच. तिला वाटलं होतं गोंडस काहीतरी असेल. हे तर कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताहून लांब. अंगावर खवले नाहीत, चिलखत. पाठीवर शिडासारखा उभा पर, तोंडाशी आखूड मिशा, आणि पोट काचेला चिकटवून असे निवांत की जणू भिंतीवर टांगलेत.

"हा सोनेरी आणि हा पांढरा," बुडबुडे म्हणाला.

ती दोन्ही टाक्यांपुढे दोनदा फिरली. "मला तर दोघंही एकाच साईचे दिसतात."

"अंगाकडे बघू नका बाई, डोळे बघा. याचे काळे आहेत, तो सोनेरी. त्याचे लाल, तो पांढरा. आणि डोळे नाही दिसले तर हे बघा." त्यानं वरचा दिवा लावला. लाल डोळ्यांचा मासा सर्रकन ओंडक्यामागे गेला. काळ्या डोळ्यांचा जागचा हलला नाही. "त्याला उजेड सोसत नाही. लोक म्हणतात मासा लाजला."

पेंटरबाई कामाला लागली. तपकिरी रंगाला तिला चार रंग कालवावे लागले, आणि ठिपके वरून दिले तर ते चिकटवल्यासारखे वाटू लागले, म्हणून ठिपके आधी देऊन मधली जाळी नंतर भरली. चॉकलेटी सोपा वाटला होता, पण तिरक्या उजेडात त्याच्याही अंगात बुडालेले ठिपके दिसले; ते दिसूही नयेत आणि असावेतही, असं काढताना तिच्या नाकी नऊ आले. काबरा म्हणजे पिवळ्यावर काळे डाग, रंगाचा डबा सांडल्यासारखे. पांढऱ्यात पांढरा रंग जवळजवळ नव्हताच. होता तो पिवळटपणा, गुलाबी झाक आणि परांच्या टोकाशी दुधी.

राखाडीपाशी मात्र गाडी अडली. तो एकटाच, दाराजवळच्या, तळाला पांढरी फरशी असलेल्या लहान टाकीत ठेवलेला होता. पहिल्या दिवशी तिनं कालवलेला राखाडी दुसऱ्या दिवशी काळपट वाटला, मासा त्याहून फिका होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तोच मासा मातकट दिसायला लागला.

"हा रंग थांबत नाही," तिनं मॅनेजरला सांगितलं.

"ट्यूबलाइटमुळे असेल. तुम्ही मधला काढा."

मधला! जणू भावात घासाघीस चालली होती.

इकडे मास्तर एका उपड्या बादलीवर बसून असायचे. पेटी आणून झाली की त्यांना दुसरं काम नव्हतं. ते माशांकडे बघायचे, मासे काचेला पोटं लावून त्यांच्याकडे. चौथ्या दिवशी त्यांनी हात पुढे केला. "पेन्सिल आहे का गं?"

तीन वर्षांत त्यांनी पेन्सिल मागितली नव्हती. पेंटरबाईनं ती दिली, जुनी वही दिली आणि मुद्दाम पाठ फिरवून ब्रश धुवायला गेली. पाऊण तासानं हाक आली.

"अगं, ह्याच्या पोटावर ळ आहे."

"काय आहे?"

"ळ. ये, बघ."

राखाडी मासा काचेला चिकटला होता. त्याच्या फिकट पोटावर गडद रेघांचं वळवळतं जाळं होतं, गांडुळं सरपटल्यासारखं, आणि डाव्या परापाशी त्या रेघांचा खरंच एक ळ झालेला. त्याखाली क्ष, पण पाय नसलेला.

"सगळ्यांना असतं," मास्तर म्हणाले. "पण एकाचं दुसऱ्याला नाही. तपकिऱ्यांच्या त्या मोठ्या हौदात एक म-वाला आहे. एकाच्या पोटावर तर उलटा ठ." आणि ते हसले.

वहीत त्यांनी पोटं काढली होती. रेघा थरथरल्या होत्या, पण माशाच्या पोटावरच्या रेघा कुठे सरळ होत्या! बाईनं एवढंच म्हटलं, "बरं आहे." जास्त कौतुक केलं असतं तर त्यांनी वही मिटली असती, हे ती जाणून होती. त्यानंतर मास्तर रोज तिच्या आधी बूट घालून दाराशी उभे राहू लागले.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर पाच दिवस बाहेरगावी गेला. तो गेला त्याच दिवशी दाराजवळची लहान टाकी सांध्यातून गळायला लागली. बुडबुड्यानं राखाडीला काढून मोठ्या हौदात सोडलं आणि रजिस्टरमध्ये तसं लिहून ठेवलं. हौदात तपकिरी मासे वीस-बावीस होते. ओंडक्यांखाली दडून बसणारे, त्यामुळे नक्की किती ते कोणीच छातीठोकपणे सांगितलं नसतं. त्याच दिवसांत पेंटरबाईला एका शाळेचं जुनं काम उरकायचं होतं, म्हणून ती आणि मास्तर तिकडे फिरकली नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी दोघं आली तेव्हा बुडबुडे फाटकाबाहेर कट्ट्यावर बसला होता. मांडीवर डबा, न उघडलेला.

"काय झालं?" पेंटरबाईनं विचारलं.

"राखाडी नाही," तो म्हणाला. "साहेब काल आले. हौदात बघितलं. सगळे तपकिरी. मीही बघितलं. नाहीच. मी माझ्या हातानं सोडला होता, बाई. मेला असता तर तरंगला असता. उडी मारून बाहेर पडला असता तर फरशीवर मिळाला असता."

"मग साहेब काय म्हणाले?"

त्यानं डब्याच्या कडीशी चाळा केला. "मागे एक शौकीन आला होता, हा मासा विकता का म्हणून विचारायला. तो माझ्याशी बोलत होता, हे साहेबांच्या लक्षात होतं. म्हणाले, चौकशी होईपर्यंत येऊ नका. एकोणीस वर्षं झाली मला इथे. घरी अजून सांगितलं नाही. रोजच्यासारखा डबा घेऊन निघालो, आणि कुठे जायचं ते सुचेना म्हणून इथेच आलो."

पेंटरबाई त्याच्याशेजारी टेकली. मास्तर मात्र तिच्या पिशवीत हात घालून वही शोधत होते. "चल," ते म्हणाले आणि सरळ आत निघाले.

मॅनेजर हौदापुढेच उभा होता. त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. उद्घाटनाच्या पत्रकावर सहा रंग छापून झाले होते.

"साहेब, मासा इथेच असेल," मास्तर म्हणाले.

"असता तर दिसला नसता का? राखाडी आहे तो."

"रंग मला माहीत नाही. त्याचं पोट मला माहीत आहे."

मॅनेजरनं पेंटरबाईकडे पाहिलं, नवऱ्याला आवरा अशा नजरेनं. ती म्हणाली, "थोडा वेळ बसू द्या त्यांना. तुमचं काय जातंय?"

मास्तर बादलीवर बसले. पण हौदातले मासे दिवसाढवळ्या सहसा ओंडक्यांखालीच! तास गेला. तीनच पोटं दिसली, त्यात ळ नव्हता. पेंटरबाई उठून फाटकापाशी गेली.

"यांना काचेशी आणायचं कसं?"

"काकडी," बुडबुडे म्हणाला. "चकत्या काट्याला टोचून पुढच्या काचेशी सोडा. काटा जड पाहिजे, नाहीतर तरंगतो. आणि पुढचे दिवे बंद करा."

काकडी माशांचं खाणं ठेवतात त्या खोलीतच होती. तिनं चकत्या केल्या, काट्यांना टोचल्या, बाह्या वर करून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. दिवे बंद झाले. थोड्या वेळानं एक ओंडका हलल्यासारखा वाटला, मग दुसरा, आणि मासे एकामागून एक काचेशी येऊन चिकटले. मास्तर वही मांडीवर घेऊन वाकले.

"हा म. हा मागचाच, ठ-वाला. हा नवीन आहे, याचं काही वाचता येत नाही. हा नाही. हाही नाही."

मॅनेजर जाऊन परत आला. परत गेला, परत आला. मग तोही वाकून बघायला लागला.

दुपार टळत आली तेव्हा मास्तर एकदम ताठ झाले. "आला."

काचेवर एक मासा होता. ओल्या लाकडासारखा गडद तपकिरी, अंगभर ठिपके, शेजारच्या माशात आणि त्याच्यात तिळाचाही फरक नाही. आणि डाव्या परापाशी ळ. खाली पाय नसलेला क्ष.

मॅनेजरनं वही घेतली. एक बोट कागदावर ठेवलं, एक काचेवर, आणि रेघेला रेघ जुळवत गेला. शेवटी म्हणाला, "पण रंग?"

"साहेब, पाटीला नवा रंग दिला म्हणून दुकानाचं नाव बदलतं का? अक्षर बघा."

मॅनेजरनं वही मिटून परत दिली. मग स्वतः फाटकापर्यंत गेला आणि बुडबुड्याला घेऊन आला. बुडबुड्यानं जाळी घेतली नाही. पराचे काटे जाळीत अडकतात, म्हणाला. त्यानं टबानंच मासा पाण्यासकट उचलला, आणि टबाची दुसरी कडा मॅनेजरनं धरली. इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत भिजला. मासा एका पांढऱ्या टाकीत एकटा सोडला. चहाच्या वेळेपर्यंत त्याची पाठ धुरकट झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे राखाडी मासा होता.

"एकटा पडला, लपायला जागा नसली, खाली पांढरं असलं की फिका पडतो तर," बुडबुडे म्हणाला. "मी इतकी वर्षं इथे, पण एवढा फिका पडतो हे मला नव्हतं माहीत." तो मॅनेजरकडे वळला. "आता सोडू का परत हौदात?"

"सोडा," मॅनेजर म्हणाला. त्यानं खिशातली यादी काढून शेवटच्या ओळीवर काट मारली. "आणि उद्यापासून वेळेवर या."

"मी रोज वेळेवरच येतो."

पेंटरबाईला राग आला होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एक शब्द माफीचा नाही तोंडात!"

"जाऊ द्या बाई," बुडबुडे म्हणाला. "काल टब धरताना त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते." मग मास्तरांपुढे येऊन उभा राहिला. त्यानं डबा उघडला आणि पुढे केला. तिघांनी कट्ट्यावर बसून तो संपवला.

प्रश्न उरला सहाव्या पॅनेलचा. पेंटरबाईनं सुचवलं, त्यावर एकच मासा दोनदा काढू, तपकिरी आणि राखाडी, आणि मध्ये त्याचं पोट, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की मासा तोच. मॅनेजरला हे इतकं पटलं की तो म्हणाला, "पोट मास्तरांनीच काढावं."

मास्तर अडून बसले. "हा हात लोकांना दाखवायचा नाही."

बाईनं आग्रह केला नाही. पोट तिनं स्वतःच काढायला घेतलं. पहिल्यांदा ते पडद्याच्या कापडावरच्या नक्षीसारखं झालं, ते पुसलं. दुसऱ्यांदाही तेच. मास्तर बादलीवर बसून बघत होते. तिसऱ्यांदा तिनं ळ काढायला घेतला तेव्हा मागून आवाज आला, तीन वर्षांपूर्वीचा, घर डोक्यावर घेणारा.

"अगं, हा काय ळ आहे? दोन वाटोळी एकमेकांना टेकली म्हणजे ळ झाला? सरक तिकडे!"

ती सरकली. त्यांनी ब्रश घेतला. उजवा हात थरथरत होता. तो त्यांनी डाव्या हातानं मनगटाशी धरला आणि रेघ ओढली. तीन दिवस लागले. दोन ठिकाणी ब्रश घसरला. तिनं टर्पेंटाइनची चिंधी पुढे केली, तर म्हणाले, "राहू दे, माशाचीही अक्षरं कुठे सगळी नीट आहेत!" खालच्या कोपऱ्यात मात्र जाळं फारच गिचमीड झालं होतं. ते दोघांनाही दिसत होतं, आणि ते तसंच राहिलं.

उद्घाटनाला मास्तर गेले नाहीत. गर्दी नको म्हणाले. पेंटरबाई गेली, मागे उभी राहिली. सोनेरी-पांढऱ्याशी लोक थोडे थांबत. सहाव्या पॅनेलपुढे मात्र गर्दी हटेना. जो तो पोटावर काय लिहिलंय ते वाचायला वाकत होता. बुडबुड्यानं बायकोला आणलं होतं. तिला तो एकेका टाकीपुढे नेऊन डोळे, ठिपके, पोट समजावून सांगत होता, आणि ती माशांपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होती.

पाट्यांवरची अक्षरं मास्तरांनी पुन्हा कधी लिहिली नाहीत. ती पेंटरबाईच लिहिते. पण आता ते शिडीखाली उभे असतात आणि वरच्या प्रत्येक अक्षराला नाव ठेवतात. परवा एका शिवणकामाच्या दुकानाच्या पाटीवर त्यांनी एकच र चार वेळा पुसायला लावला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "अहो, चांगला तर दिसतोय."

"तुम्हाला दिसत असेल," मास्तर म्हणाले. "तो पुढे पडतोय."

पेंटरबाईनं वरून पाहिलं. र खरंच पुढे पडत होता. तिनं चिंधी घेतली.